पारस्काने कडी का लावली

पारस्का कोव्बेल वारली त्याला दोन हिवाळे झाले, तरी आमच्या गावाला चघळायला अजून तीच लागते. गावात उरलंय काय, तर धान्याची रिकामी कोठारं, पोस्ट, चर्च आणि आम्ही थोडे म्हातारेकोतारे. पण बाकीचे बोलायला बसले की अख्ख्या सस्कॅचेवान प्रांताला पुरून उरतील. म्हणे, पारस्काने सख्ख्या पणतीला कधी हात लावला नाही. म्हणे, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत बाळ दारात आलेलं असताना बाईने आतून कडी घातली.

कडी घातली हे खरं आहे. मी अंगणातच उभी होते. पण हात लावला नाही म्हणणाऱ्यांनी जरा तोंड आवरावं, कारण त्यांना अर्धंच माहीत आहे.

मी स्टेफा. रस्त्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे तिचं. ती माझ्याहून वयाने बरीच मोठी, पण आमच्यात अहोजाहो कधी नव्हतं. उभा जन्म तिने आमच्या शाळेत शिपाईकाम केलं. पहाटे उजाडायच्या आत बॉयलर पेटवायचा, बर्फ लोटायचा, मुलांचे ओले हातमोजे बॉयलरवर वाळत घालायचे. कुणाचा मोजा कुठला हे मुलांच्या आयांना कळायचं नाही, तिला कळायचं. मग शेतं मोठी झाली आणि माणसं कमी झाली. आधी वरचे वर्ग बंद झाले, मग खालचे. शेवटच्या दिवशी बॉयलर विझवला तो तिनेच. किल्ल्या मात्र परत केल्या नाहीत, आणि कुणी मागितल्याही नाहीत. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या असायच्या.

नवरा मेट्रो आधीच गेला होता. मुलगी नाद्या कॅन्सरने गेली. राहिली नाद्याची मुलगी लारिसा, ती सास्काटून शहरात. तेव्हा पारस्काचं घर म्हणजे ती आणि दिवसभर बडबडणारा रेडिओ. रोज सकाळी मला फोन यायचा, "स्टेफा, तुझ्याकडे वीज आहे का गं?"

"आहे की. तुझ्याकडे नाही?"

"आहे. सहज विचारलं."

वर्षानुवर्षं हेच. मी वैतागायचे, कधीकधी चांगली झापायचे तिला. आता सकाळी फोन वाजत नाही, आणि वीज असली काय नि नसली काय, मला कुणी विचारत नाही. असो.

गुरुवारी आम्ही चर्चच्या तळघरात पेरोगी करायला जायचो. पूर्वी दोन लांब टेबलं भरून बायका असायच्या; एकीने पीठ लाटायचं, एकीने बटाट्याचं सारण भरायचं, बाकीच्यांनी कडा चिमटायच्या आणि सगळ्यांनी मिळून गैरहजर असलेलीची उणीदुणी काढायची. शेवटी उरलो आम्ही दोघी. उणीदुणी काढायची तर समोरच्याच बाईची काढावी लागायची.

त्या वर्षी मात्र पारस्काच्या तोंडी एकच विषय. लारिसाला मुलगी झाली होती, विरा. सातव्या महिन्यातच झाली, कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत होती, पण तगली. आणि लारिसाने शब्द दिला होता की नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाळाला घेऊन येते.

"मध मी आत्ताच काढून ठेवलाय," पारस्का म्हणाली.

आमच्या वाडवडिलांनी जुन्या मुलखातून आणलेली रीत अशी, की त्या संध्याकाळी, पहिला तारा दिसला की, घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईने अंगठा मधात बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढायचा असतो. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, एकाच अंगठ्याने, मध्ये न पुसता, न धुता. जेवढ्या कपाळांना तो अंगठा लागला तेवढी माणसं वर्षभर एका घरची. पारस्काला तिच्या आजीने लावला होता, तिने नाद्याला लावला, लारिसाला लावला.

"बाळांना वर्षभर मध देत नाहीत हल्ली," मी म्हटलं. "डॉक्टर ओरडतात."

"मी काय चमच्याने भरवणार आहे? कपाळाला लावणार आहे कपाळाला! एवढा एक अंगठा टेकवला त्या पोरीला, की मी मोकळी. मग देवाने उद्या बोलावलं तरी हरकत नाही."

"देवाला घाई नाहीये. आधी कडा नीट चिमट, बटाटा बाहेर येतोय."

हिवाळ्याच्या तोंडावर फ्लूची लस टोचायला शेजारच्या मोठ्या गावातली नर्स यायची, मारिसेल तिचं नाव. फिलिपिन्सची, गोड पोरगी. तिने पारस्काला सांगितलं होतं, "आजी, नागिणीची पण लस घ्या. तुमच्या वयाला हवी."

पारस्का हसली होती. "पोरी, नागीण त्या कांजिण्यांतूनच उठते ना? कांजिण्या मला सातव्या वर्षीच होऊन गेल्या. एकदा झाल्या की झाल्या."

आमचा नाताळ जुन्या पंचांगाचा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर येतो. नवं वर्ष लागलं आणि तिच्या उजव्या बरगडीखाली आग सुरू झाली. मला म्हणाली, पीठ मळून मळून कंबर भरलीय. दोनेक दिवसांनी मी तिच्याकडे गेले, तर घरभर उकडलेल्या कोबीचा वास. त्यात नवल काही नाही. सणाच्या संध्याकाळी जे बारा पदार्थ करायचे, त्यांत भात भरलेली कोबीची पानं असतातच. पण वास भांड्यातून येत नव्हता, तिच्या अंगातून येत होता.

"स्वेटर वर कर," मी म्हटलं.

"काही नाही गं."

"पारस्का, वर कर म्हणते ना!"

केला वर. पोटाला फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्याखाली गरम कोबीचं पान. आमच्या बायका गुडघा दुखला की कोबीचं पान बांधतात, छाती भरली की कोबीचं पान बांधतात, आणि मला विचाराल तर प्रेमभंग झाला तरी बांधतील. मी पान उचललं. खाली पाण्याने टचटचलेल्या फोडांचा पट्टा, बरगडीपासून पाठीपर्यंत, आणि तोही एकाच बाजूला. 

"किती दिवस आहे हे?"

"पान बांधलं की बरं वाटतं," ती म्हणाली. म्हणजे बरेच दिवस.

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत कोंबून मोठ्या गावी नेलं. मारिसेलने बघताच ओळखलं. म्हणाली, "आजी, फोड उठल्या उठल्या आला असता तर औषधाचा चांगला उपयोग झाला असता. आता देते, पण उशीर झालाय."

"पण कांजिण्या झाल्यात ना मला! दुसऱ्यांदा कशा होतील?"

"दुसऱ्यांदा नाही झाल्या, आजी. त्याच आहेत, तेव्हाच्याच. त्या अंगातून कधी जातच नाहीत. मणक्याजवळच्या नसांत दडून बसतात. रक्तात पहारेकरी पेशी असतात, त्यांना त्या कांजिण्यांचा चेहरा ठाऊक असतो. कांजिण्यांनी वर डोकं काढलं की त्या पेशी त्यांना दाबून टाकतात. पण वय झालं की त्या पेशीही म्हाताऱ्या होतात. काही मरतात, काही नुसत्या बसून राहतात, काम करत नाहीत."

"मग नव्या भरती करायच्या!" पारस्का म्हणाली.

"नव्या पेशी जिथे शिकतात ती ग्रंथी इथे असते." मारिसेलने स्वतःच्या छातीच्या हाडावर बोट ठेवलं. "लहानपणी चांगली मोठी असते. वयात आल्यावर आकसत जाते. तुमच्या वयाला तिथे जवळजवळ चरबीच उरते. नवी फौज तयारच होत नाही, जुन्यांवर भागवायचं."

पारस्काने स्वतःच्याही छातीच्या हाडावर बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आमची शाळाच म्हण ना."

मला हसू आलं, तिला नाही आलं.

मग तिने तो प्रश्न विचारला. मला माहीत होतं विचारणार. "उद्या माझी पणती येतेय. झाकून-बिकून घेतलं तर?"

मारिसेलने बाळाचं वय विचारलं, सातव्या महिन्यात झाल्याचं ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला. म्हणाली, "एरवी झाकलं, हात धुतले तर धोका कमीच असतो. पण या फोडांतल्या पाण्याने बाळाला कांजिण्या होऊ शकतात. आईकडून बाळाला जी शिदोरी मिळते ना रोगाशी लढायची, ती शेवटच्या महिन्यांत मिळते. ही पोरगी त्याआधीच बाहेर आली. तिच्या पेशींना अजून काही ठाऊक नाही, आणि कांजिण्यांची लस वर्षाची होईपर्यंत देत नाहीत. आजी, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत जवळ जाऊ नका. मी विनवते तुम्हाला."

"तिची शाळा अजून भरली नाही, माझी सुटली," पारस्का म्हणाली आणि कोट चढवायला लागली. बटणं काही तिला लागेनात. शेवटी मी लावली.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता बर्फ, मध्ये मध्ये पडकी घरं. त्यातलंच एक तिच्या बापाचं. तिकडे बघत ती बोलायला लागली.

"मला कांजिण्या आल्या त्या ह्याच सणाला. धाकटा भाऊ नुकताच झाला होता, म्हणून मला मागच्या खोलीत एकटीला ठेवलं. बाहेर सगळे जेवताहेत, गाताहेत, आणि मी उशीत तोंड खुपसून रडतेय. मग आजी आली. सगळ्यांना मध लावून, बाळालाही लावून, शेवटी माझ्याकडे आली. म्हणाली, हा बघ, बाळाच्या कपाळावरून थेट तुझ्याकडे आणलाय. तू पण आमच्याच पंगतीत."

मी गाडीचा वेग कमी केला.

"आजी गेली, आई-बाप गेले, तो भाऊ गेला. मेट्रो, नाद्या. त्या घरातलं माझ्याबरोबर कोण राहिलं सांगू? ह्या कांजिण्या! एवढी वर्षं पाठीत बसून होत्या आणि मला पत्ताच नाही. बाकी सगळ्यांनी सोडलं, ह्यांनी तेवढं नाही सोडलं."

मी म्हटलं, "घरी गेल्यावर लारिसाला फोन कर."

"करते."

"आज कर."

"करते म्हटलं ना! आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस, स्टेफा. माझी नात आहे, माझं मी बघेन. शपथ घे."

घेतली शपथ. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी ओळखून होते तिला. दोन स्वेटर चढवेल, हात घासून घासून धुवेल आणि म्हणेल, एवढा एक अंगठाच तर टेकवायचाय. कित्येक महिने त्याच एका गोष्टीवर जगली होती ती. आणि खरं सांगते, मला तिचा राग येत नव्हता, कीव येत होती, आणि त्याचीच भीती वाटत होती. ठरवलं, तिने सांगितलं नसेल तर शपथ गेली खड्ड्यात, लारिसा गाडीतून उतरायच्या आत मी सांगून मोकळी होणार.

संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला लारिसाच्या गाडीचे दिवे दिसले. मी बूट घालून धावतच रस्ता ओलांडला. म्हणजे आमच्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. पारस्काच्या अंगणात पोचले आणि बघतच राहिले.

दाराबाहेरच्या पायऱ्यांवर पातेली मांडलेली. खोक्यांत घालून, जुन्या रजयांत गुंडाळून, झाकणं दोरीने बांधून. बीटचं सूप, पेरोगी, कोबीची पानं, मासा, वाटाणे, गव्हाची खीर. बाराच्या बारा पदार्थ. सगळ्यांत वरच्या पायरीवर मधाची बरणी.

तेवढ्यात लारिसा गाडीतून उतरली, बाळाचं गाठोडं छातीशी धरून. "आजी!" म्हणत पायऱ्या चढली आणि आतून कडी खटकन लागली.

"आजी? अगं, आम्ही आलोय!"

"ठाऊक आहे," दाराआडून आवाज आला. "दाराला हात लावू नकोस. मला नागीण झालीय. बाळाला बाधेल. जेवण उचल आणि स्टेफाच्या घरी जा."

"अगं मग फोन का नाही केलास? एवढ्या बर्फातून मी..."

आतून पारस्काची पावलं दाराच्या आणखी जवळ आली. मग म्हणाली, "फोन केला असता तर तू आलीच नसतीस."

लारिसा दाराकडे बघत उभी राहिली. मग तिचा बांध फुटला, आणि आईचं बघून बाळाने टाहो फोडला. एवढासा जीव, पण आवाज काय! अख्ख्या गावाने ऐकला. तेव्हापासूनच तर ही कुचाळकी सुरू झाली.

"आवाज खणखणीत आहे," दाराआडून पारस्का म्हणाली. "नाद्यावर गेलीय. आता ने तिला आत, गारठेल."

आम्ही पातेली उचलायला लागलो. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बर्फाने पांढरी झाली होती. आतून चमचा खरवडल्याचा आवाज आला, काचेवरच्या बर्फात नाण्याएवढं भोक पडलं, आणि त्या भोकात पारस्काचा डोळा. लारिसाने बाळाच्या तोंडावरचं फडकं क्षणभर बाजूला केलं. बघता बघता काच पुन्हा धुरकटली. डोळा तिथेच होता, पण तिला काही दिसत असेल असं मला वाटत नाही.

माझ्या घरी टेबल मांडलं. सणाला एक ताट जास्तीचं मांडायचं असतं, गेलेल्यांसाठी. लारिसाने ते मांडलं आणि म्हणाली, "हे आजीचं."

"खबरदार!" मी ओरडलेच तिच्यावर. "ते मेलेल्यांचं ताट आहे. तुझी आजी समोरच्या घरात बसलीय, चांगली ठणठणीत, कडी घालून. तिचं ताट मी वेगळं भरते."

तारा दिसला. घरातली मोठी बाई आता मीच. मी हात धुतले, अंगठा मधात बुडवला, आधी लारिसाच्या कपाळाला लावला, मग बाळाच्या. कपाळ कसलं, बदामाएवढं! पोरगी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. मध गार लागला असेल, पण रडली नाही.

मग मी पारस्काचं ताट भरलं, फडक्यात बांधलं आणि कोट चढवला.

"मावशी, उजव्या हाताचा मोजा राहिला," लारिसा म्हणाली.

"राहू दे."

रस्ता ओलांडायला असा किती वेळ लागतो? पण त्या थंडीत बोटं आधी जळतात, मग बधिर होतात. बधिर झाली तरी मी अंगठा ना कोटाला पुसला ना खिशात घातला. ताटाच्या बाजूला उभा धरून, लोकांनी बघितलं असतं तर वेडी म्हणाले असते, अशी तिच्या दारात पोचले. मला कांजिण्या लहानपणीच झाल्यात आणि मी नागिणीची लसही घेतलीय, तेव्हा मला कडी नव्हती.

तिच्या टेबलावर मेणबत्ती, दोन ताटं. एक तिचं, एक मेट्रो आणि नाद्याचं. दोन्ही रिकामी. रेडिओ बंद. तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"मोजा कुठे टाकलास?" ती ओरडली. "बोटं झडायला हवीत का तुला?"

"ओरडू नकोस. खाली बस."

"बाळ जेव... म्हणजे दूध प्यायलं का?"

"प्यायलं. बस म्हणते ना."

ती बसली. मी ताट ठेवलं आणि उजवा हात तिच्यासमोर धरला. अंगठ्यावर मध तसाच होता, थंडीने घट्ट झालेला.

"बाळानंतर कोणालाच लावलेला नाही," मी म्हटलं. "तिच्या कपाळावरून थेट आणलाय."

पारस्काने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. बघतच राहिली. तिच्याहून धाकट्या बाईने तिला मध लावायचा ही काही रीत नव्हे, आणि एरवी तिने मला ते लगेच सुनावलंही असतं. पण तिने डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी मागे सारला, डोळे मिटले आणि सात वर्षांच्या पोरीसारखं कपाळ पुढे केलं.

मी लावला. मग माझा हात धरून ती किती तरी वेळ तशीच बसून राहिली, आणि सूप निवून गेलं.